नगारा अकोल्यात, परात लिंबावर

सूर्यभान नाईकानं जुगार सोडला होता. कवडीला हात लावणार नाही, पत्ते घरात आणणार नाही, अशी अंबादेवीच्या पायरीवर बायकोसमोर आण घेतली होती, आणि त्या आणेला तो असा जागला की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. रस्त्यात कवडी पडलेली दिसली तर हा बाबा धोतर सावरून वळसा घालून जाई. मात्र कौलावर कबूतर दिसलं की शेजारच्याला कोपर मारून विचारी, "बोल, डावीकडे उडन का उजवीकडे?"

कबुतराची आण घेतली नव्हती ना!

बैल, बगळे, सीताफळातल्या बिया, मोरोपंत कारकुनाची शिंक. जगात ज्या ज्या गोष्टीचे दोन निकाल लागू शकतात ती प्रत्येक गोष्ट देवानं जणू सूर्यभानसाठीच घडवली होती. समोरच्याच्या हातावर हात मारायचा, टाळी वाजली की डाव पक्का. कवडी नाही, पत्ता नाही, आण शाबूत. त्याची बायको मैनाबाई काही दुधखुळी नव्हती. पण नवरा वेळेवर जेवायला येतो आहे, अंगावर धोतर शिल्लक आहे, एवढ्यावर ती बिचारी समाधान मानून होती.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला काही कामधंदा होता की नाही? अहो, होता म्हणूनच तर हे दुखणं! सूर्यभान हा अमरावतीच्या आगवाल्यांचा नाईक. तो काळ कापसाचा. सात समुद्रांपलीकडे कुठं तरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि इकडं वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव चढला की काल पटकुरात फिरणारा आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या ठोकून हिंडू लागला. गावाबाहेरच्या मैदानावर कापसाच्या गंज्या घरांपेक्षा उंच गेल्या. एका चिलमीची ठिणगी पडली की सगळं खल्लास. म्हणून अडत्यांनी मिळून आगवाले ठेवले. पाण्याच्या पखाली, भिजवलेली घोंगडी, पेटत्या गाठी ओढायचे लोखंडी आकडे, आणि गाव जागं करायला एक भला थोरला नगारा, असा त्यांचा सरंजाम. आग लागली की या माणसांना आई आठवत नसे, बायको आठवत नसे. भाजल्या हातांनी गाठी ओढत. पण आग काय रोज लागते? लागत नाही तोवर काय करायचं? निजायचं नाही, घरी जायचं नाही, डोळा मिटायचा नाही, नुसतं बघत बसायचं. छातीत सारखी धडधड, आणि धडधडीला काम नाही. आग विझवून आले तर आणखीच वाईट. अंगातलं रक्त उतरता उतरत नसे.

"आगीले घाबरत नाही मी," त्यांच्यातला म्हातारा नत्थुजी म्हणायचा, "आग नाही लागली का घाबरतो." आणि एवढं बोलून तोच पहिला हात पुढं करायचा, "लावा, तो बगळा मासा धरते का नाही?"

तर अशी ही मंडळी. आता नगाऱ्याची गोष्ट ऐका.

संक्रांत उलटली आणि अमरावतीच्या गाड्यांचा तांडा रुई घेऊन अकोल्याला निघाला. आगगाडी येणार, येणार म्हणून नुसती हूल होती. रूळ अजून दूरच होते. वाटेत आगीची भीती, म्हणून पुढच्या गाडीवर नगारा, आणि नगाऱ्याला टेकून सूर्यभान. अकोल्यात माल उतरला. संध्याकाळी मोर्णेच्या काठी तिथल्या आगवाल्यांचा नाईक चंद्रभान भेटला. पान खाऊन ओठ लाल, डोळे अर्धे मिटलेले, बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्या.

"या भाऊ, बसा भाऊ," तो म्हणाला. "तुमी तं म्हनते जुगार सोडला?"

"सोडला म्हंजे सोडला," सूर्यभान छाती काढून म्हणाला. "कवडीले शिवत नाही."

"वा! मानलं बाप्पा." चंद्रभाननं पान चघळलं. "मी काही कवड्या काढून नाही राहिलो. आपलं सहज म्हनतो, त्या दोन म्हशी बसल्या पान्यात. कोन्ती पयले उठन?"

झालं. सूर्यभानच्या तळहाताला खाज सुटली. पहिल्या म्हशीवर त्याचा जोडा गेला. दुसऱ्यांदा पागोटं गेलं. तिसऱ्यांदा बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ गेली, आणि ती तर गाडीवानाची होती. आता नेसूचं सोडून लावण्यासारखं काही उरलं नाही. पाण्यात तर आणखी दोन म्हशी ऐटीत बसल्या होत्या, उठायला तयार! सूर्यभानची नजर गाडीवरच्या नगाऱ्यावर गेली.

नत्थुजीनं त्याचं धोतर ओढलं. "नाईक, नगारा आपला नाही बाप्पा. गावाचा हाय."

"अबे, हरनार कोन हाय?" सूर्यभान खेकसला. "ती मोडक्या शिंगाची पाहा. उठूनच राहिली!"

आणि खरंच ती उठतच होती हो! पुढचा पाय रोवला, मान वर केली, पाठीवरून पाणी ओघळलं. सूर्यभान उड्या मारू लागला. इतक्यात कुठून तरी एक कावळा आला, म्हशीच्या पाठीवर बसला आणि तिच्या कानातल्या गोचिड्या टिपू लागला. म्हशीला असं काही सुख झालं की तिनं डोळे मिटले, हुंकार दिला आणि परत बुडाली. दुसरी म्हैस मुकाट्यानं उठून काठावर आली, शेपटी हलवून घरी चालू लागली.

अमरावतीचा नगारा अकोल्याचा झाला. एका कावळ्यापायी!

"हरला जुगारी दुना खेळते" असं म्हणतात ते उगाच नाही. सूर्यभान तिथंच वाळूत बसला आणि म्हणाला, "चंद्रभानभाऊ, आनखी एक डाव. नगारा वापस पायजे."

"लावनार काय? तुमच्यापाशी आता तुमीच उरले," चंद्रभान हसला.

"तं मीच. मले लावलं!"

चंद्रभाननं पानाची पिंक टाकली. त्याच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट सलत होती. यंदा अकोल्याचं मैदान कितीदा तरी पेटलं होतं, त्याचे गडी भाजून निघाले होते. आणि अमरावतीला एक ठिणगी नाही. "तुमी लोकं सावलीचे राखनदार," तो म्हणाला. "आगवाले कसले? यंदा तुमच्या मैदानात आग लागतच नाही, लाव टाळी. होळी पेटायच्या आत लागली तं नगारा झेंडूच्या माळा घालून, वाजतगाजत आनून देतो. नाही लागली तं तुमी अकोल्याले यायचं अन् माह्या हाताखाली पखाल वाहायची. पान्याचा गडी म्हनून."

"अन् कोनी हातानं लावली तं?" नत्थुजीनं विचारलं.

"हातानं लावली तं ती आग नाही. देवीची आन."

"मंजूर!" सूर्यभानचा हात पडला, टाळी वाजली, मोर्णेवरचे बगळे उडाले. परतीच्या गाडीत अनवाणी, बोडका बसला तरी तो सारी वाट हसत होता. आग तर लागणारच! फाल्गुनातलं ऊन, कापूस, चिलमी. लागणार नाही तर जाईल कुठं? कोसभर रस्ता गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण आग विझवायची भाकरी खातो आणि आग लागावी म्हणून देवाला हात जोडतो आहोत. ते त्याला इतकं गमतीचं वाटलं की त्यानं नत्थुजीला पण सांगितलं, आणि दोघंही पोट धरून हसले.

अमरावतीला मैदानाच्या तोंडाशी मोरोपंत कारकून उभेच होते. अडत्यांचा सगळा कारभार त्यांच्या हाती, आणि नाकावर चष्मा. "नाईक, नगारा कुठं आहे?"

"चामडं सैल झालं व्हतं पंत. अकोल्यात बदलायले टाकला. तिकडचं काम पक्कं असते."

"होळीच्या आत येऊ द्या. सकाळी नगाऱ्याची पूजा असते, नाइकाला पागोटं बांधायचं असतं, सारे अडते जमतात. नगारा नसला तर पागोटं नाही, आणि पागोटं नाही तर नाईकी नाही. कळलं ना?"

कळलं, कळलं. पण तोवर आग लागलीच तर वाजवायचं काय? सूर्यभानला एकदम घरची परात आठवली. पितळेची, एवढी मोठी की तिच्यात लेकरू निजावं. मैनाबाईच्या आईनं अंजनगावाहून लग्नात दिलेली. एका कडेला पोचा पडला होता, त्यामुळे तिचा आवाज जगावेगळा. आधी ठण्ण व्हायचा आणि मग मागं एक कुईं असा सूर निघायचा. सूर्यभाननं ती पळवली आणि आगवाल्यांच्या चौकीपुढच्या लिंबाला दोरीनं टांगली.

"अवो, माही परात कोठी गेली?" मैनाबाईनं विचारलं.

"नत्थुजीच्या घरी लगन हाय ना. मांगून नेली."

"कोनाचं लगन?"

"आता, हाय त्याच्या नात्यातलं कोनाचं तरी," सूर्यभान म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

पुढचे दिवस काय मौजेचे गेले, विचारू नका! सगळ्या चौकीला डाव ठाऊक झाला, आणि आग लागणार हे ठरल्यावर कुठं लागणार यावर आपसात डाव सुरू झाले. नत्थुजीनं चिंचेखालची गंज धरली, कारण गाडीवान तिथं चिलीम ओढतात. शालिकराम म्हणून एक तगडा गडी होता, त्यानं वखारीच्या मागची. हरणारानं जिंकणाराच्या घरचं पाणी भरायचं. कुणी गाडीवान चिलीम विझवू लागला की नत्थुजी प्रेमानं म्हणे, "ओढा ना भाऊ, घाई काय हाय?" एकदा खरंच ठिणगी पडली, गवताची काडी धुमसली, आणि सगळे धावले ते पखाली घेऊन नव्हे, बघायला. काडी आपोआप विझली. शालिकरामनं असा सुस्कारा टाकला, जशी त्याच्या पोरीची सोयरीक मोडली.

आणि सूर्यभाननं कुठली जागा धरली? तो हाडाचा आगवाला. आग कुठं लागेल हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? मैदानाच्या दक्षिणेला बांबूच्या तट्ट्यांचा लांब मांडव होता. तिथं बाया लाकडी चरख्यांवर सरकी वेगळी काढत. तिथली रुईची उड, म्हणजे तंतूंची भुकटी, हवेत उडून कोपऱ्याकोपऱ्यांत, वाशांवर, तट्ट्यांच्या फटींत जाऊन बसे. बारीक, हलकी, वाळलेली. दरसाल फाल्गुन लागला की सूर्यभान स्वतः उभा राहून ती उड झाडून घेई, दारापाशी पाण्याचे रांजण भरून ठेवी. त्या एका कामात त्यानं कधी कुणाचं ऐकलं नव्हतं.

यंदा त्यानं झाडून घेतलं नाही.

लावली नाही हो! देवीची आण होती, हातानं लावायची नाही. तो कुठं लावत होता? तो फक्त झाडत नव्हता. कवडीला शिवत नाही, तसाच काडीला शिवत नाही. मनाशी असा हिशेब जुळला की तो खूश व्हायचा आणि शीळ घालायचा.

पण मैनाबाई त्याच मांडवात चरखा फिरवत होती. "अवो, यंदा तुमचे गडी उड झाडाले काहून नाही आले?" ती जेवताना म्हणायची. "शिंकू शिंकू नाक लाल झालं आमचं. त्या गंगूच्या लेकराच्या डोयात गेली."

"उद्या धाडतो."

उद्या, परवा, तेरवा. होळी जवळ आली, ऊन चढलं, आणि सूर्यभान अर्ध्या भाकरीवरून उठू लागला. एके दिवशी ताट सारून तो म्हणाला, "तू होळीले अंजनगावले जाय ना. मायची भेट नाही झाली लय दिवसाची."

मैनाबाईचा हात भाकरीवरच थांबला. लग्न झाल्यापासून या माणसानं आपण होऊन तिला माहेरी धाडलं नव्हतं. "तुमची तब्येत तं बरी हाय ना?" तिनं विचारलं. पण बाईमाणूस माहेराच्या नावानं पाघळतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिनं गाठोडं बांधलं. दुपारी अंजनगावची गाडी जाणार होती. सूर्यभान तिला "नीट जाय" म्हणून मैदानावर आला, आणि त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. मांडवात बाकीच्या बाया होत्याच. पण त्या बाकीच्या होत्या.

त्या दुपारी वारा सुटला. चौकीवर सगळे माना उंचावून बसले होते. होळी तोंडावर आली होती आणि चंद्रभानच्या पखालीचा पट्टा सूर्यभानला खांद्यावर जाणवायला लागला होता. नत्थुजी म्हणाला, "नाईक, अकोल्याचं पानी खारं हाय म्हनतात." सगळे खिदळले. सूर्यभान हसला नाही. तो दक्षिणेकडं बघत होता.

मांडवाच्या कोपऱ्यातून धुराची एक बारीक वेटोळी वर आली.

तो उठून उभा राहिला. धूर पांढरा होता, मग पिवळा झाला, मग तट्ट्यामागून एक लाल जीभ दिसली. कुणा गाडीवानाच्या चुलीतली ठिणगी वाऱ्यानं नेली असणार. आणि सूर्यभान नाईकानं, अमरावतीच्या आगवाल्यांच्या म्होरक्यानं, दोन्ही हात आभाळात फेकून जी आरोळी ठोकली ती सगळ्या मैदानानं ऐकली.

"जिंकलो! जिंकलो रे जिंकलो!"

"मांडव! नाईकाचा मांडव!" शालिकराम ओरडला. नत्थुजीनं सूर्यभानला उचलूनच घेतलं. म्हाताऱ्यानं! सगळे एकमेकांच्या पाठी बडवू लागले. सूर्यभानला नगारा दिसत होता, झेंडूच्या माळा दिसत होत्या. नाचता नाचता तो लिंबाकडं वळला आणि परात वाजवायला त्यानं दांडा उगारला.

दोरी नुसतीच लोंबत होती. परात नव्हती.

आणि मग ती वाजली. ठण्ण... कुईं. ठण्ण... कुईं. आवाज लिंबावरून येत नव्हता. आवाज धुरातून येत होता.

त्याचं असं झालं होतं. गाडीला अवकाश होता, म्हणून मैनाबाई आपली परात मागायला नत्थुजीच्या घरी गेली. माहेरी पुरणाचा घाट, आईनं परात कुठं आहे विचारलं तर काय सांगायचं? नत्थुजीची बायको म्हणाली, "कोनाचं लगन बाई? कोनती परात?" मैनाबाई तिथून तडक मैदानावर आली. चौकीवरचे सगळे दक्षिणेकडं डोळे लावून बसलेले, मागून कोण येतं याचं कुणाला भान? लिंबाला टांगलेली आपली परात बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं दोरी सोडली, परात काखेत मारली, आणि आधी मैत्रिणींना दाखवावी, मग नवऱ्याची हजामत करावी, म्हणून गंज्यांमागून मांडवात शिरली.

सूर्यभाननं दांडा टाकला आणि तो धावला. कसा धावला हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. उडीनं पेट घेतला होता, दारातला तट्टा कोसळला होता, आतून बायांचा आकांत आणि त्यावर ती परात, ठण्ण, कुईं. दारापाशी रांजण होते. रिकामे. ते यंदा कुणी भरलेच नव्हते. तो तिथंच ओरडला, "मैने! माहे मैने!"

"मागचा तट्टा ओढा!" आतून तिचा आवाज आला. "आमी मागं हाओत! पोट्टे हायेत आमच्यापाशी!"

आकडे लागले. सगळ्या गड्यांनी एकदम हिसका दिला, तट्टा फाटला, आणि खोकत, केस झाडत, लेकरं उराशी धरून बाया बाहेर पडल्या. गंगूचा पदर जळाला होता, कुणाच्या भुवया गेल्या होत्या, पण सगळ्या बाहेर आल्या, देवीची कृपा. सर्वांत शेवटी परात डोक्यावर धरून मैनाबाई. तोंड काळं ठिक्कर, डोळे लाल. आवाजाच्या रोखानं बाकीच्यांनी मागची बाजू धरावी म्हणून ती तिथं उभी राहून परात बडवत होती. सूर्यभान तिच्या पायांशीच बसला. तिनं परात खाली ठेवली. त्याच्याकडं इतका वेळ बघत राहिली की नत्थुजीनं मान खाली घातली.

ती आरोळी मांडवातही ऐकू गेली होती.

आग विझली. मांडव गेला, गंज्या वाचल्या. अडते खूश. कापसाला भाव होता, राख गार व्हायच्या आत नवा मांडव उभा राहिला, नवे चरखे फिरू लागले, आणि त्याच बाया भुवयांना काजळ लावून कामावर आल्या. मैनाबाई अंजनगावला गेली नाही. घरी ती स्वयंपाक करी, वाढी, आणि एक अक्षर बोलत नसे.

होळीच्या सकाळी चंद्रभान आला. शब्दाचा पक्का गडी! नगाऱ्याला झेंडूच्या माळा, नवं चामडं, स्वतः गाडीवर उभा राहून धडाडधूम वाजवत आला. पोरं मागं धावत होती. मोरोपंतांनी पूजा केली, गुलाल उधळला, आणि सूर्यभानच्या डोक्यावर जरीच्या काठाचं पागोटं बांधलं. "यंदा नाइकांनी जीव धोक्यात घालून बाया वाचवल्या," पंत सगळ्या अडत्यांपुढं म्हणाले. "अशी माणसं आहेत म्हणून कापूस आहे." लोकांनी जयजयकार केला. सूर्यभानला वाटलं, पागोट्याखाली डोकं भाजतंय.

"चला, वाजवा!" कुणी तरी टिपरी त्याच्या हातात दिली.

तेवढ्यात चंद्रभान कानाशी आला. गुलालानं माखलेला, पान चघळत, हसत. "भाऊ, तुमी जिंकले. मानलं! पन एकाच डावात सोडता काय मले? पाहा, आता संध्याकाळी होळी पेटन. धूर तुमच्या वखारीकडे जाते का अंबादेवीकडे? लावता?"

काय सांगू तुम्हाला! एवढं सगळं होऊन, एवढं सगळं बघून, त्या माणसाचा तळहात खाजला. आपोआप वर आला. वारा कुठला आहे हे त्यानं बघितलंसुद्धा. चंद्रभानचा हात समोर होता, टाळी पडायला वीतभर अंतर उरलं होतं.

ठण्ण... कुईं.

सूर्यभाननं टिपरी फेकली आणि सुटला. पागोट्याचा शेमला उडतो आहे, लोक बाजूला होताहेत, "नाईक, कोठी? नाईक, आग कोठी हाय?" आणि हा गंज्यांतून, गाड्यांतून वेड्यासारखा धावतो आहे. धूर नाही, जाळ नाही, काही नाही. सारं मैदान हसायला लागलं. तो नव्या मांडवात घुसला आणि धापा टाकत उभा राहिला.

आत चरखे फिरत होते. बाया त्याच्या अवताराकडं बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. मैनाबाई दारापाशी परात घेऊन उभी होती. घासूनपुसून लख्ख केलेली, पण मधोमध तळहाताएवढा काजळीचा डाग तिनं तसाच ठेवला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "वाजवून पाहली."

सूर्यभानला रडू फुटलं. बायांसमोर, पागोट्यासकट. "मैना, मी... चंद्रभानपाशी डाव लावला व्हता. नगाऱ्यासाठी. आग लागते म्हनून. म्हनून झाडलं नाही."

"मालूम हाय मले. नत्थुजीच्या बायकोनं सारं काढून घेतलं त्याच्या तोंडून." तिचा आवाज बारीक झाला. "एकच सांगा. मले माहेरी धाडत व्हते तुमी. मले वाचवाले. मी समजली ते." तिनं मांडवाकडं हात केला. गंगू लेकराला मांडीवर घेऊन चरखा फिरवत होती. "या बायायले कोठी धाडलं व्हतं?"

चरखे एकेक करून थांबले. आता कुणी हसत नव्हतं. सूर्यभानची नजर कोपऱ्यांकडं गेली. नवा मांडव होऊन दिवस ते किती झाले होते, आणि तरी कोपऱ्यांत उड साचायला लागली होती, पांढरी, हलकी, वाळलेली. मैनाबाईनं तट्ट्याला टेकवलेला खराटा उचलला आणि त्याच्यापुढं धरला.

त्यानं तो घेतला.

बाहेरून चंद्रभानची हाक आली, "भाऊ, बोला ना! वखारीकडे का देवीकडे?"

सूर्यभान कोपऱ्यात वाकून झाडत होता. नव्या पागोट्यावर उड बसत होती, डोळ्यांत जात होती, आणि तो शिंकत शिंकत झाडत होता. एक कोपरा झाला, मग दुसरा. गंगूपाशी आला तेव्हा ती लेकराला घेऊन बाजूला सरकली, आणि तिच्या चरख्याखालची उड त्यानं हातानं काढली.